सांगणाऱ्याचं नाव

मंगळसूत्र उतरवा असं सांगितलं की बाई मशीनकडे बघत नाही, सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. दौलतअण्णा खैरनारांना हे माहीत होतं. म्हणून 'उतरवा' हा शब्द ते आधी कधीच उच्चारायचे नाहीत. पांढऱ्या कोटाच्या खिशातून एक पिवळा दोरा काढायचे. त्यात मधोमध हळकुंड बांधलेलं असायचं. तो दोरा समोरच्या बाईच्या तळहातावर ठेवून म्हणायचे, "आधी हे गळ्यात बांध, माय. मग ते काढ. गळा घडीभरही रिकामा ठेवायचा नाही." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, बाई 'झालं' म्हणेपर्यंत.

एमआरआयचं मशीन म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक. त्या खोलीत साडीची पिनसुद्धा न्यायची नसते. दुसऱ्या ठिकाणी मी पाहिलंय, दारावरची बाई खेकसते, "सगळं काढा, सगळं!" आणि आत जाणारी रडत रडत गळ्याला हात लावते. अण्णांनी त्यावर हा उपाय काढला होता आणि तो मशीनच्या कुठल्याही पुस्तकात नव्हता. हळकुंडं पंचवटीच्या बाजारातून यायची. काकू, म्हणजे अण्णांची बायको, शनिवारी हळदीच्या पाण्यात दोरे भिजवून खिडकीतल्या दोरीवर वाळत घालायच्या. उतरवलेले दागिने ठेवायला अण्णांकडे मिसळणाचा जुना स्टीलचा डबा होता. सात वाट्या, सात बायका. "मोहरीच्या वाटीत तुझं, जिऱ्याच्या वाटीत हिचं," असं ते सांगायचे आणि झाकण लावून डबा त्यांच्याच मांडीवर द्यायचे. तो ते स्वतःच्या ताब्यात कधी ठेवत नसत.

मी त्यांना भेटले ती भांडायच्या तयारीनेच. माझे वडील कामगार चळवळीतले. दहा वर्षांची असल्यापासून मी पत्रकांच्या घड्या घालत आले. छापलेलं वाक्य खोटं असता कामा नये, ही आमच्या घरातली एकमेव पूजा. शिक्षण संपल्यावर मला नाशिकमध्ये एका संशोधन प्रकल्पात काम मिळालं. मोठ्या वयात वाचायला शिकलं की माणसाच्या मेंदूत काय बदलतं, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी सुरगाण्याच्या डोंगरातल्या, कधीच शाळेत न गेलेल्या बायका निवडल्या होत्या. आधी त्यांच्या मेंदूची चित्रं घ्यायची, मग सहा महिने त्यांना वाचायला शिकवायचं, मग पुन्हा चित्रं घ्यायची. अण्णा ज्या तपासणी केंद्रात होते तिथलं मशीन आठवडाभर पेशंटांचं असे, रविवारी संशोधनाला मोकळं. बायकांना शिकवणं आणि त्यांच्याकडून संमतीपत्र घेणं ही दोन्ही कामं माझी होती.

पहिल्याच दिवशी मी अण्णांना विचारलं, "या बायकांना तुम्ही काय म्हणून आत घालता? प्रयोगाचे उंदीर?"

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ते बागलाणातले, सटाण्याच्या बाजूचे. नाशिकमध्ये वीस-बावीस वर्षं मशीन चालवूनही जिभेवरची अहिराणी गेली नव्हती. म्हणाले, "उंदराले कोणी चहा पाजतं का? त्या जीपमधून उतरल्यात, चार तास बसून आल्यात. आधी चहा सांग. भाषण मागून कर." आणि मग हसून, "पुढारी शे का तू?"

तेव्हापासून मी 'पुढारी' झाले. "आले का पुढारी? आज काय पत्रक?" हे रविवारचं स्वागत. मला राग यायचा आणि ते नाव कोणी दुसऱ्याने घेतलेलं चालायचंही नाही.

अण्णा आत जाणाऱ्या बाईला मशीनचे आवाज तोंडाने करून दाखवायचे. साठीला आलेला माणूस खुर्चीच्या कडेवर बसून सांगायचा, "पहिल्यांदा सुतार येतो. ठक, ठक, ठक. मग गिरणी लागते. मग ट्रॅक्टर चिखलात फसतो, घुर्रर्र, निघतच नाही. मग एकदम गप्प. तवा घाबरायचं नाही. ट्रॅक्टरवाला तंबाखू मळतोय असं समजायचं." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एकीने विचारलं, "भाऊ, तू आत गेलास का कधी?" अण्णा म्हणाले, "गेलो ना. बायको ओरडते तवा लपायला दुसरी जागा कुठे शे?"

आत जाणाऱ्या प्रत्येकीच्या हातात एक रबरी फुगा देतात. भीती वाटली, दुखलं, नको झालं, तर तो दाबायचा. अण्णांचं वाक्य ठरलेलं होतं. "हा दाबला की मी आलो. मशीन बंद आणि मी हजर. काय झालं म्हणून विचारणार नाही." गोंदलेल्या कपाळांवर आणि हातांवर ते ओलं फडकं ठेवायचे, कारण जुन्या गोंदणाच्या रंगात कधी लोखंड असतं आणि ते आत तापू शकतं. हेही त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, वाचून शोधून काढलेलं होतं.

आता संमतीपत्राबद्दल सांगते. हे सांगायला मला आवडत नाही.

माझ्या हातात आधी जो मसुदा आला त्यात पहिल्याच परिच्छेदात 'मेंदूची मोफत तपासणी' असे शब्द होते. मी पेटले. दवाखाना नसलेल्या डोंगरातल्या बाईला मोफत तपासणीचं आमिष दाखवून तिच्या डोक्यावर तुमचे प्रबंध उभे करायचे, ही फसवणूक आहे, असं मी प्रकल्पप्रमुख सरांना तोंडावर सांगितलं. तिला स्वच्छ कळलं पाहिजे की हे तिच्या उपचारासाठी नाही, तुमच्या अभ्यासासाठी आहे. तीन बैठका झाल्या. शेवटी सर म्हणाले, "तुम्हीच लिहा." मी लिहिलं. सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यातलं पाचवं वाक्य असं होतं: 'ही तपासणी उपचारासाठी नाही. यातून तुमच्या कोणत्याही आजाराचं निदान तुम्हाला सांगितलं जाणार नाही.' संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीने ते मंजूर केलं. मी वडिलांना फोन करून ते वाक्य वाचून दाखवलं. ते म्हणाले, "खणखणीत आहे."

अण्णांनाही दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. कागद परत देताना म्हणाले, "खरं लिहिलंस, पुढारी. पण आत काही दिसलं, तर?"

"अण्णा, आपण आमिष दाखवायचं नाही."

"आमिष नको दाखवू. मी काय विचारतो? दिसलं, तर?"

मी म्हणाले, तो वेगळा मुद्दा आहे, त्यावर नंतर बोलू. नंतर कधी बोललो नाही.

हिराबाई भोये पहिल्या तुकडीत होत्या. चाळिशीच्या, काटक, बोलायला फटकळ. नवरा वर्षातले काही महिने सायखेड्याकडे द्राक्षाच्या कामाला, घरची नागली-भाताची शेती हिराबाईंच्या अंगावर. पहिल्याच दिवशी त्यांनी हळकुंड नाकाशी धरून वास घेतला आणि अण्णांना म्हणाल्या, "भाऊ, यानी दुसरं लगीन तर नाय ना लागत?" अण्णा भिंतीकडे तोंड करूनच हसले, त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

आत डोळ्यांवर बसवलेल्या छोट्या आरशात त्यांना अक्षरं दाखवली. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "शेवया वाळत घातल्यासारखं दिसलं. बाकी काय नाय."

मी हसून अण्णांकडे वळले. अण्णा हसत नव्हते. ते संगणकाच्या पडद्यासमोर बसून होते आणि एकच चित्र मागे-पुढे करत होते. मग उठले, डबा उघडून हिराबाईंचे मणी स्वतः त्यांच्या हातात दिले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "डोकं दुखतं का, माय?"

"दुखतं की. उन्हात कुणाचं नाय दुखत?"

"उलटी?"

"कदी कदी. तू डाक्टर आहेस का?"

"नाही, माय," अण्णा म्हणाले. "मी डॉक्टर नाही."

जीप गेल्यावर त्यांनी मला पडदा दाखवला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एका बाजूला बोराएवढी फिकट जागा होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती, एवढं कोणालाही दिसलं असतं. अण्णा म्हणाले, "मी सरांना सांगतो. पण तू लिहून दे. तुला लिहिता येतं. मी खाली सही करतो."

मी काय म्हणाले ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "अण्णा, आपण निदान सांगणार नाही असं तिला लिहून दिलंय. तिने अंगठा दिलाय. ठरलेल्या मार्गाने जाऊ द्या."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि 'पुढारी' म्हणाले नाहीत. नुसतं "बरं" म्हणाले.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी ते चित्र एका तज्ज्ञाकडे पाठवलं. पण तज्ज्ञाकडे पेशंटांची रांग होती आणि हे चित्र कोणा पेशंटचं नव्हतं, एका क्रमांकाचं होतं. संशोधनात नाव काढून टाकतात, तिथे क्रमांक लावतात. तोही माणसाच्या भल्यासाठी, त्याची खासगी गोष्ट उघडी पडू नये म्हणून. सगळं भल्यासाठीच होतं. अण्णा रविवारी विचारायचे, "त्याचं काय झालं, सर?" सर म्हणायचे, "आठवण करतो." आणि करायचेही.

या सहा महिन्यांत मी दर आठवड्याला हिराबाईंच्या पाड्यावर जात होते. त्यांच्याच अंगणात वर्ग भरायचा. त्या सगळ्यांत आधी शिकल्या. काना कळला, वेलांटी कळली, मग बिस्किटाच्या पुड्यावरचं, जीपच्या मागचं, रेशनच्या पिशवीवरचं, दिसेल ते वाचत सुटल्या. शेवटच्या दोन महिन्यांत वाचताना एक डोळा मिटून घ्यायच्या. मी विचारलं, का. म्हणाल्या, "दोनी उघडं ठेवलं का अक्षराला जुळं व्हतं." बायका हसल्या. मीही हसले. येताना त्यांना म्हणाले, "दवाखान्यात दाखवून या एकदा." त्या म्हणाल्या, "बघू, कापणी होऊ दे."

मला माहीत होतं. हे मी कुठल्याही आडवळणाने सांगणार नाही. त्या माझ्यासमोर एक डोळा मिटून वाचत होत्या, का मिटतायत ते मला माहीत होतं आणि मी त्यांना पुढचं पान काढून दिलं.

सहा महिन्यांनी जीप पुन्हा आली. दुसऱ्या चित्रांसाठी पुन्हा संमतीपत्र लागतं. मी सवयीने कागद घेऊन वाचून दाखवायला बसले, तर हिराबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "आण. आता माला येतं."

बाकीच्या बायका भोवती जमल्या. एक डोळा मिटून, बोट फिरवत, त्या मोठ्याने वाचू लागल्या. पहिलं वाक्य. दुसरं. प्रत्येक वाक्य संपलं की मान वर करून हसायच्या. मला वाटतं, माझं लिहिलेलं इतक्या प्रेमाने कोणी वाचलेलं नाही. पाचव्या वाक्याशी बोट थांबलं. "को-ण-त्या-ही आ-जा-रा-चं... नि-दा-न... तुम्हाला... सां-गि-त-लं जा-णा-र नाही." त्यांनी ते पुन्हा वाचलं, मनात. मग मला विचारलं, "निदान म्हंजे?"

"आजार कोणता ते."

"मंग तुमाला आत काय दिसलं, तरी तुमी सांगणार नाय?"

ते वाक्य माझंच होतं.

अण्णा पडद्यासमोरून उठले. कोट काढून खुर्चीवर टाकला आणि हिराबाईंच्या समोर फरशीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "माय, मला दिसलंय. मागच्या वेळीच दिसलं. डोक्यात गाठीसारखं काही शे. ते काय ते सांगायला मी डॉक्टर नाही. पण दिसलंय. आणि मी सहा महिने तुला सांगितलं नाही."

हिराबाईंनी कागदाची घडी घातली, उघडली. मग विचारलं, "का नाय सांगितलंस, भाऊ?"

"मी सरांना सांगत राहिलो. मला वाटलं, सांगितलं. जिला सांगायचं तिला सांगायचं राहिलं."

मला वाटलं होतं त्या ओरडतील, उठून जातील. त्यांनी हात पुढे केला. "आण तो दोरा. काढ फोटू. केवढी झाली ते तरी बघ."

त्या दिवशी अण्णांनी आवाजांची नक्कल केली नाही. हिराबाई आत गेल्या, पुरती चाळीस मिनिटं हलल्या नाहीत, फुगा दाबला नाही. आरशात शब्द येत गेले आणि बाहेर पडद्यावर ती फिकट जागा आली, आता लिंबाएवढी. अण्णांनी चष्मा काढून खुर्चीवरच्या कोटाला पुसला, पुन्हा घातला. बाहेर आल्यावर हिराबाई गाठीबद्दल काही बोलल्या नाहीत. माझं मनगट धरून म्हणाल्या, "पोरी, समदं वाचलं. पानी व्हतं. घर व्हतं. एक 'पाखरू' व्हतं, ते दोनदा आलं."

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि काकू त्यांना मोठ्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. सर अण्णांवर चिडले होते. तंत्रज्ञाने निदान सांगायचं नसतं, असं म्हणाले. "निदान नाही सांगितलं सर," अण्णा म्हणाले, "दिसलं ते सांगितलं. नोकरीवरून काढायचं तर काढा, पण आज मला सुट्टी पाहिजे." सरांनी सुट्टी दिली, तज्ज्ञाला स्वतः फोन केला आणि त्या दिवशी रांग लागली नाही.

ऑपरेशन झालं. त्यानंतर हिराबाई तेवीस-चोवीस दिवस होत्या. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. अण्णा रोज ड्यूटी संपली की जायचे. एक दिवस केंद्रात येऊन बसले. मी चहा ठेवला, तो गार झाला. मग म्हणाले, "आज मी हात धरून बसलो होतो. तिने दाबला. फुगा दाबतात तसा, दोनदा." आणि म्हणाले, "मी हजर होतो. पण आता मशीन कोणतं बंद करू?"

दोन दिवसांनी त्या गेल्या. गळ्यात पिवळा दोराच होता. ऑपरेशनच्या वेळी मणी काढलेले, ते काकूंनी पदरात बांधून सुरगाण्यापर्यंत नेऊन दिले.

मी सर्जनना विचारलं होतं, सहा महिने आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." मी खूप पत्रकं वाचली, खूप लिहिली. इतकं खरं आणि इतकं निरुपयोगी वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

मी राजीनामा लिहिला. अण्णांना दाखवला. त्यांनी तो वाचलाही नाही. "जाशील. मग तो कागद कोण दुरुस्त करेल? मी? मला जोडाक्षर धड लिहिता येत नाही." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहिलं, 'तपासणीत काही वेगळं आढळल्यास आपणास कळवण्यात येईल.'

"कोण कळवणार?" अण्णा म्हणाले.

"प्रकल्पातर्फे..."

"प्रकल्पाले तोंड शे का? किती दिवसांत? कोण? नाव लिही."

म्हणून ते वाक्य आज असं आहे: 'आत काही वेगळं दिसलं, तर आठ दिवसांत तुमच्या घरी येऊन तुम्हाला सांगू. सांगणाऱ्याचं नाव: दौलत खैरनार.' समितीत बराच वाद झाला. सर त्या बैठकीत आमच्या बाजूने बोलले. ज्या तज्ज्ञाने चित्र बघायचं त्याचंही नाव खाली आलं. वाक्य मंजूर झालं, कागद छापून आले. त्यानंतर अण्णा दोनदा असे गेले. एकदा पेठच्या बाजूला, एकदा सुरगाण्याच्या वर, जीप जाते तिथून पुढे पायी. पहिल्या बाईचं काही विशेष निघालं नाही. दुसरी वेळेत आली आणि तिचं ऑपरेशन झालं. ती आता वर्गात पुढे बसते. अण्णांना मी म्हणाले, "बघा, वाचली." ते म्हणाले, "हो." आणि डब्याचं झाकण लावत राहिले. त्यांच्या मनात कोण होतं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच होतं.

गेल्या थंडीत अण्णा गेले. शनिवारची दुपार होती. खिडकीत दोरे वाळत होते. छातीत दुखतंय म्हणाले आणि रिक्षा येईपर्यंतसुद्धा थांबले नाहीत. मी पंचवटीतल्या त्यांच्या गल्लीत पोचले तेव्हा दारात माणसं होती आणि त्या खिडकीतले दोरे काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. दहाव्यानंतर काकूंनी मला मिसळणाचा डबा दिला. म्हणाल्या, "दोरे मी करीत राहीन. बाजारात जाते तेवढंच माझं जाणं." अजून करतात.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी नवी तुकडी आली. जुन्या तुकडीतल्या, वाचता येणाऱ्या एका बाईने नव्या बायकांना संमतीपत्र वाचून दाखवलं. नावाशी थांबून तिने विचारलं, "हा माणूस कुठं हाय?"

मी सांगितलं. तिने त्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मंग आता कोन येनार?"

मी पेन काढलं. अण्णांच्या नावावर एक रेघ मारली, इतकी बारीक की नाव खालून वाचता यावं, आणि त्याच्याखाली माझं नाव लिहिलं. नवे कागद छापून घ्या, असं सर दोनदा म्हणाले. मी घेतलेले नाहीत. जुना गठ्ठा बराच मोठा आहे. दर रविवारी प्रत्येक कागदावर मी ती रेघ हाताने मारते आणि प्रत्येकीच्या समोर खाली माझं नाव लिहिते.